बर्ड फ्लू आणि कंपासने काढलेलं वर्तुळ

जानेवारी २०२१. परभणी तालुक्यातल्या मुरुंबा गावात बचत गटाच्या एका पोल्ट्रीत दोनेक दिवसांत सुमारे आठशे कोंबड्या मेल्या. नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि अहवाल आला: बर्ड फ्लू. त्यानंतर जे झालं ते तुमच्यापैकी अनेकांनी बातम्यांत पाहिलं असेल. गावाभोवती नकाशावर दोन वर्तुळं काढली गेली. एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारायच्या, आणि दहा किलोमीटरच्या आत पक्ष्यांची खरेदी-विक्री, वाहतूक बंद.

हे दोन आकडे परभणीच्या प्रशासनाने मनाने ठरवलेले नव्हते. केंद्र सरकारच्या बर्ड फ्लूसाठीच्या कृती आराखड्यात ते आहेत: शून्य ते एक किलोमीटर बाधित क्षेत्र, एक ते दहा किलोमीटर निगराणी क्षेत्र. देशभर हेच चालतं.

आता जरा हिशोब करू. दहा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ होतं साधारण ३१४ चौरस किलोमीटर. परभणी जिल्हा आहे ६,२०० चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जिल्ह्याचा वीसावा हिस्सा. उरलेल्या एकोणीस हिश्श्यांबद्दल वर्तुळ काहीच बोलत नाही. आणि त्याच महिन्यात सेलू तालुक्यातल्या कुपटा गावातही कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला. मुरुंब्याच्या वर्तुळाच्या कितीतरी बाहेर. मुंबई, ठाणे, दापोली आणि बीड इथल्या मेलेल्या कावळ्या-बगळ्यांतही तो सापडला होता.

मग वर्तुळ चुकलं का? नाही. पण वर्तुळ एक गोष्ट न बोलता गृहीत धरतं: रोग सगळ्या दिशांना सारख्याच वेगाने पसरतो. जमीन सपाट, सगळीकडे सारखी, मध्ये नदी नाही, तलाव नाही, डोंगर नाही, बाजार नाही. असा जिल्हा फक्त कागदावर असतो.

माझ्या संशोधनाचा विषय नेमका हा आहे: वन्य पक्षी-प्राण्यांमधून रोग कसा पसरतो, आणि ज्या भूभागातून तो पसरतो तो भूभाग त्यात काय भूमिका बजावतो. ‘गणिताने रोग कसा कळणार?’ हा प्रश्न मला घरी, गावी, एसटीत, सगळीकडे विचारला जातो. म्हणून हा लेख.

तीन डबे आणि मुंबईचा प्लेग

रोगाच्या गणिताची सुरुवात फार सोपी आहे. सगळ्या पक्ष्यांना (किंवा माणसांना, किंवा उंदरांना) तीन डब्यांत टाका. पहिल्या डब्यात अजून लागण न झालेले. दुसऱ्यात लागण झालेले, म्हणजे जे रोग पुढे देऊ शकतात. तिसऱ्यात बरे झालेले किंवा मेलेले, जे आता खेळातून बाहेर आहेत. दर दिवशी काही जण पहिल्यातून दुसऱ्यात जातात, काही दुसऱ्यातून तिसऱ्यात. या दोन वेगांचं गुणोत्तर कळलं की मुख्य आकडा मिळतो: एक आजारी पक्षी सरासरी किती नव्या पक्ष्यांना आजार देतो. कोविडच्या काळात टीव्हीवर रोज ऐकलेला ‘आर’ तो हाच. तो एकापेक्षा जास्त असेल तर साथ वाढते, कमी असेल तर विझते.

हे गणित १९२७ साली कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी मांडलं. मॅकेंड्रिक हे भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये काम केलेले डॉक्टर. आणि आपलं समीकरण पडताळायला त्यांनी घेतलेले आकडे कुठले होते माहीत आहे? मुंबईतल्या प्लेगचे. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबईत दर आठवड्याला प्लेगने किती मृत्यू झाले, त्याचा तो आलेख. आधी हळूहळू चढणारा, मग भराभर वर जाणारा आणि मग तसाच उतरणारा. जगभरच्या रोगगणिताच्या पाठ्यपुस्तकात आजही हा आलेख भेटतो.

यात एक गंमत आहे, आणि माझा विषय तिथूनच सुरू होतो. प्लेग हा मुळात माणसाचा रोग नाही. तो उंदरांचा रोग. उंदीर मेला की त्याच्या अंगावरची पिसू दुसरं अंग शोधते, तेव्हा माणूस सापडतो. मुंबईतला प्लेग १८९६ मध्ये पहिल्यांदा लक्षात आला तो मांडवी भागात, गोदीजवळ, धान्याच्या वखारी होत्या तिथे. जिथे धान्य तिथे उंदीर, जिथे उंदीर तिथे पिसू. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनाही हे ठाऊक होतं. माणसांमधला प्लेग हे उंदरांमधल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे असं धरून आपण चाललो आहोत, हे त्यांनी त्या निबंधातच लिहून ठेवलं.

तीन डब्यांच्या गणितात आणखी एक गृहीतक लपलेलं असतं: सगळे जण सगळ्यांना सारखेच भेटतात. सरबतात साखर विरघळावी तसा रोग सगळीकडे सारखा विरघळलेला. खरी परिस्थिती मात्र चिवड्यासारखी असते. वरवर सगळं मिसळलेलं, पण शेंगदाणे एकीकडे आणि पोहे दुसरीकडे. मांडवीची वखार आणि मलबार हिलचा बंगला एकाच मुंबईत होते, पण उंदरांच्या दृष्टीने ती दोन वेगळी शहरं होती.

सरासरी कशी फसवते

याचं एक छोटं उदाहरण घेऊ. आकडे मी समजावण्यासाठी धरलेले आहेत, ते कुठल्या खऱ्या गावाचे नाहीत.

समजा दहा गावं आहेत. नऊ गावांमध्ये आपला तो ‘आर’ ०.५ आहे. म्हणजे चार कोंबड्या आजारी पडल्या तर त्या नव्या दोघींना आजार देतील, त्या दोघी एकीला, आणि साथ विझेल. दहाव्या गावात मात्र ‘आर’ ३.५ आहे. का? तिथे गावाला लागून तलाव आहे, कोंबड्या दिवसभर काठाने मोकळ्या चरतात, आणि चिकनच्या दुकानाची घाण त्याच नाल्यात पडते.

आता सरासरी काढा. नऊ गुणिले ०.५ म्हणजे ४.५, त्यात ३.५ मिळवले की ८, भागिले दहा. उत्तर ०.८. एकापेक्षा कमी! तालुक्याचा अहवाल लिहिणारा म्हणेल, काळजीचं कारण नाही. पण त्या दहाव्या गावात एक ठिणगी पडली की पेटणार, आणि तिथून उरलेल्या नऊ गावांवर पुन्हा पुन्हा ठिणग्या उडणार. त्या नऊ गावांत आग फार वाढणार नाही, पण विझली म्हणता म्हणता परत दिसेल. आणि आपण त्या नऊ गावांत औषध फवारत बसू.

जमीन सारखी नाही, हे लक्षात घेतलं की प्रश्नच बदलतो. ‘रोग किती पसरेल?’ या प्रश्नाआधी ‘कुठून कुठे, आणि कोणाच्या पायांनी किंवा पंखांनी?’ हे विचारावं लागतं.

परभणीचा नकाशा, चार जणांच्या नजरेतून

आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगांचे डोंगर, दक्षिणेला गंगाखेडच्या पलीकडे बालाघाट. मध्ये काळी जमीन, सोयाबीन, कापूस, तूर. पाथरी-सोनपेठ-गंगाखेडकडून वाहणारी गोदावरी, उत्तरेला पूर्णा आणि तिच्यावरचं येलदरी धरण, सेलूकडे दुधना. आणि जायकवाडीच्या डाव्या कालव्याचं जाळं. दाट जंगल म्हणाल तर फारच थोडं.

हाच नकाशा बदकाला वेगळा दिसतो. हिवाळ्यात मध्य आशियातून, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक यांना फक्त पाणी दिसतं. येलदरी ते जायकवाडी हे अंतर त्यांच्यासाठी एका उड्डाणाचं. मधली दीडशे गावं त्यांच्या नकाशावर नाहीतच. आणि पुष्कळ जातींची बदकं हा विषाणू आजारी न दिसता बाळगू शकतात. विष्ठेतून तो पाण्यात उतरतो. थंड पाण्यात तो जास्त दिवस टिकतो आणि उन्हाळ्यात लवकर मरतो. परभणीत कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला पारा हिवाळ्यात पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, हे आपल्याला माहीत आहेच. पाहुणे पक्षी आणि थंड पाणी दोन्ही एकाच वेळी हजर असतात.

कावळ्याचा नकाशा वेगळा. त्याला गाव, उकिरडा, बाजार, खाटकाचं दुकान दिसतं. सकाळी पांगतो, दिवसभर चार ठिकाणी चोच घालतो आणि संध्याकाळी शेकड्यांनी एकाच रातथाऱ्यावर जमतो. रोगाच्या दृष्टीने रातथारा म्हणजे रोज भरणारा बाजार. वीस गावांतून गोळा केलेलं सगळं तिथे एकत्र होतं. पण कावळा या विषाणूने मरतोही. गावात, रस्त्यावर, सगळ्यांना दिसेल असा मरतो. त्यामुळे तो जसा वाहक आहे तसा इशाराही आहे. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरमध्ये आधी कावळेच मेले, आणि भोपाळच्या अहवालात बर्ड फ्लू निघाला.

कोंबडीचा नकाशा सगळ्यात लहान. आखाडा, अंगण, उकिरडा, संध्याकाळी डालगं. ती फार तर पाव किलोमीटर फिरेल. पण तिच्या अंगात हा विषाणू झपाट्याने वाढतो, आणि पोल्ट्रीत हजारो कोंबड्या एका छताखाली असतात.

आणि चौथा प्राणी म्हणजे माणूस. म्हणजे खरं तर त्याचा ॲपे रिक्षा, पिंजरे आणि अंड्यांचे ट्रे. त्याच्या नकाशावर रस्ते आणि आठवडी बाजार.

एकच विषाणू या चारही नकाशांवरून आळीपाळीने चालतो. बदक त्याला दूर नेतं, कावळा रानातून गावात (आणि गावातून रानात) आणतो, कोंबडीत तो वाढतो, गाडी त्याला पुढच्या तालुक्यात पोचवते. कंपासचं वर्तुळ या चौघांपैकी एकाच्याही नकाशाशी जुळत नाही.

जमीन किती अडवते?

संशोधनात यासाठी एक युक्ती वापरतात. त्याला मी ‘अडथळ्यांचा नकाशा’ म्हणतो. जिल्ह्याचे छोटे छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनाला आकडा द्यायचा: या प्राण्याला इथून जाणं किती अवघड आहे? पाणी, पीक, माळ, रस्ता, वस्ती, डोंगर, प्रत्येकाचा आकडा वेगळा. आणि प्राणी बदलला की आकडेही बदलतात. कोल्ह्याला भरलेली गोदावरी म्हणजे भिंत, बदकाला तीच हमरस्ता.

बारावीचं भौतिकशास्त्र आठवत असेल तर ही कल्पना लगेच कळेल. चौकोन म्हणजे विजेच्या मंडलातले रोधक. एका गावात रोगाची ‘वीज’ सोडली तर ती सगळ्यात जवळच्या गावाकडे जाईलच असं नाही. जिकडे रोध कमी तिकडे जास्त जाईल. आणि दोन गावांमध्ये एकच रुंद वाट असण्यापेक्षा चार-पाच वाटा असतील तर समांतर जोडणीसारखा एकूण रोध आणखी कमी होतो. ब्रॅड मॅक्रे या अमेरिकी संशोधकाने २००८ च्या सुमारास वन्यजीवांच्या हालचालीसाठी हे विजेचं गणित प्रचारात आणलं. आज वाघांचे भ्रमणमार्ग शोधायलाही ते वापरतात.

हे कागदी खेळ आहेत असं वाटत असेल तर दोन खरी उदाहरणं ऐका.

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात नव्वदच्या दशकात रॅकून नावाच्या प्राण्यांमध्ये रेबीज पसरला. कुठल्या गावात तो कधी पोचला याच्या नोंदी संशोधकांनी गणितात घातल्या, तेव्हा दिसलं की मोठी नदी आडवी आली की एका गावातून शेजारच्या गावात जाण्याचा रोगाचा वेग सुमारे सातपट मंदावत होता. नदी रोगाला थांबवत नव्हती. पण वेळ देत होती.

दुसरं उदाहरण स्वित्झर्लंडचं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पोलंडकडून निघालेली कोल्ह्यांमधल्या रेबीजची लाट वर्षाला काही दशक किलोमीटर सरकत पश्चिम युरोपात पोचली होती. कोल्हे मारून ती थांबेना. १९७८ मध्ये स्विस संशोधकांनी रोन नदीच्या खोऱ्यात एक प्रयोग केला. लस भरलेली कोंबडीची मुंडकी रानात टाकली, कोल्ह्यांनी ती खाल्ली. पण सगळ्या देशात टाकली नाहीत. दोन्ही बाजूंना उंच बर्फाळ डोंगर, कोल्हा तिथून येणार नाही. मग खोऱ्याचं तोंड अडवलं की आतलं सगळं खोरं वाचतं. आणि तसंच झालं. भूभाग वाचता आल्यामुळे थोड्या लशीत मोठं काम झालं.

चार किलोमीटर की पंचवीस?

परत परभणीत या. आणखी एक हिशोब, हाही धरलेल्या आकड्यांचा.

बाधित गावापासून ‘अ’ गाव चार किलोमीटरवर आहे. मध्ये नदी, पूल लांब, बाजार वेगळा. दोन्ही गावांना जोडणारे फक्त कावळे. समजा त्यांच्यामुळे रोग पोचण्याची शक्यता दिवसाला अर्धा टक्का. तीस दिवसांत किती? रोज न पोचण्याची शक्यता ०.९९५. तिचा तीस वेळा गुणाकार केला की साधारण ०.८६ उरतो. म्हणजे महिन्यात रोग पोचण्याची शक्यता १४ टक्के.

‘ब’ गाव पंचवीस किलोमीटरवर आहे, वर्तुळाच्या पार बाहेर. पण कोंबड्यांचा एक व्यापारी दर आठवडी बाजाराला दोन्हीकडे जातो, तेच पिंजरे घेऊन, न धुता. समजा दर फेरीला शक्यता दहा टक्के. महिन्यात चार फेऱ्या. ०.९ चा चार वेळा गुणाकार म्हणजे ०.६६. म्हणजे शक्यता ३४ टक्के.

सहापट लांब असलेल्या गावाला अडीचपट धोका. रोगाच्या नकाशावर ‘ब’ गाव जवळ आहे आणि ‘अ’ गाव लांब.

माझ्या सगळ्या विषयाचं सार एका ओळीत सांगायचं तर हेच: अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, भेटीगाठींमध्ये मोजा. पक्ष्यांच्या भेटी, पाण्याच्या भेटी, बाजाराच्या भेटी.

डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, आणि तपासणीत एच५एन१ निघाला. पिंजऱ्यात ठेवलेले, कुठल्याही तलावावर न जाणारे प्राणी. त्यांच्यापर्यंत जर हा विषाणू पोचू शकतो, तर ‘हा रानाचा रोग, हा गावाचा रोग’ अशी रेघ ओढून चालत नाही. जो जे खातो, तेसुद्धा नकाशातलं एक जोडणीचं ठिकाणच असतं.

मग वर्तुळ रद्द करायचं?

मुळीच नाही. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण असे लेख वाचून ‘सरकारला काही कळत नाही’ असं म्हणणं फार सोपं असतं.

अहवाल हातात आल्यावर पहिल्या चोवीस तासांत कोणाकडेही मॉडेल चालवत बसायला वेळ नसतो. वर्तुळ तलाठ्याला कळतं, पोलीस पाटलाला कळतं, त्यात वाद घालता येत नाही. एक किलोमीटरच्या आत सगळ्यांना सारखा नियम, यात एक न्यायही आहे. शिवाय जवळच्या अंतरावर कोंबड्या, कुत्री, कावळे, माणसं यांच्या भेटी खरंच दाट असतात.

मॉडेलचा उपयोग वर्तुळाच्या आधी आणि वर्तुळाच्या बाहेर आहे. आधी, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच: जिल्ह्यातल्या कोणत्या वीस-पंचवीस ठिकाणी तलाव, रातथारा, मोकळ्या कोंबड्या आणि बाजाराची वाट एकत्र येतात, ते शोधून तिथे नमुने घ्यायचे. पशुवैद्यकीय अधिकारी मोजके, गाड्या मोजक्या. सगळीकडे जाणं शक्य नसेल तर कुठे जायचं हे तरी नीट ठरावं. बाहेर, म्हणजे एखाद्या गावात रोग सापडला की वर्तुळाबरोबरच एक यादीही निघावी: या गावाशी बाजाराने, व्यापाऱ्याने, कालव्याने जोडलेली गावं कोणती? मग ती पंचवीस किलोमीटरवर का असेनात.

मॉडेलला खाऊ घालायला माहिती लागते, आणि ती काही प्रमाणात आहे. दर जानेवारीत पक्षीमित्र आशियाई पाणपक्षी गणना करतात. २०१९ च्या पशुगणनेत कोंबड्यांचे आकडे आहेत. उपग्रहाच्या चित्रांतून पाणी कुठे, किती दिवस टिकतं ते दिसतं. सगळ्यात मोठी अडचण वेगळीच आहे. नकाशावर जिथे ‘रोग नाही’ असं दिसतं तिथे पुष्कळदा ‘नोंद नाही’ एवढंच असतं. पशुवैद्यकीय दवाखाना जवळ असलेल्या गावातून नोंदी येतात. आडबाजूच्या तांड्यावरून येत नाहीत. त्यामुळे मॉडेलला आधी हे शिकवावं लागतं की कुठून बातमी येण्याची शक्यता किती आहे. नाहीतर ते रोगाचा नव्हे, डांबरी रस्त्यांचा नकाशा काढून देतं.

नोंद का होत नाही?

इथे गणित संपतं आणि माणसं सुरू होतात. चार-पाच गावरान कोंबड्या मेल्या तर घरातली बाई काय म्हणते? ‘मानमोडी आली.’ मानमोडी हा कोंबड्यांचा जुना, ओळखीचा रोग. तो येतो, खुराडं रिकामं करतो, जातो. त्यासाठी कोणी दवाखान्यात कळवत नाही. मेलेल्या कोंबड्या नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकल्या जातात. आणि तो बर्ड फ्लू असेल तर तिथूनच कावळ्यांना, कुत्र्या-मांजरांना, पाण्याला मिळतो. रानातून गावात आलेला रोग परत रानात जातो.

त्यात नुकसानभरपाईचा नियम असा आहे की सरकारने मारलेल्या पक्ष्यांचे पैसे मिळतात, रोगाने आधीच मेलेल्यांचे नाही. २०२१ मध्ये अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये असा दर होता. गावरान कोंबडी बाजारात कितीला जाते ते तुम्हाला माहीत आहे. म्हणजे लवकर कळवलं तर निदान काही हाती लागतं, उशीर झाला तर काहीच नाही. नियमामागचा हेतू कदाचित लोकांनी लवकर कळवावं हाच असेल. पण ज्या बाईला हा नियमच माहीत नाही, तिला तो काय लवकर कळवायला लावणार? उलट ‘कळवलं तर सगळ्या गावाच्या कोंबड्या जातील’ एवढंच तिच्या कानावर आलेलं असतं. आणि शेजारणींच्या डोळ्यांत तीच दोषी ठरते.

म्हणून मला वाटतं, भूभागाचा अभ्यास हा शेवटी या बाईच्या बाजूचाही अभ्यास आहे. धोक्याची ठिकाणं आधीच कळली आणि तिथे लवकर नमुने घेतले, तर रोग पहिल्या दहा कोंबड्यांवर पकडता येईल. आठशे मेल्यावर नाही. मारायच्या कोंबड्या कमी, बंद पडणारे बाजार कमी, आणि रानात परत जाणारा विषाणूही कमी.

तुम्ही काय करू शकता?

एका जागी दोन-तीन कावळे, बगळे किंवा बदकं मेलेली दिसली, किंवा खुराड्यात अचानक मर लागली, तर हात लावू नका. नाल्यात फेकू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा. तारीख आणि जागा नीट सांगा. तलावाच्या काठी कोंबड्या सोडत असाल तर निदान डिसेंबर ते फेब्रुवारी त्यांना तिकडे जाऊ देऊ नका. बाजारातून परत आणलेली कोंबडी आठ-पंधरा दिवस वेगळी डाला. पिंजरे धुऊन उन्हात ठेवा. आणि चिकन-अंडी नीट शिजवून खाणार असाल तर घाबरू नका. सत्तर अंशांच्या वर शिजवलं की हा विषाणू टिकत नाही.

तुम्ही कळवलेला एक मेलेला कावळा म्हणजे आमच्या नकाशावरचा एक बिंदू. असे बिंदू जिथे नाहीत तिथे मॉडेल अंदाज करतं, आणि जिथे आहेत तिथे शिकतं. परभणीच्या नकाशावर ते अजून फार विरळ आहेत.

पुढच्या लेखात प्लेगकडे परत जाऊ: १९९४ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावात तो कसा दिसला, आणि रानातल्या उंदरांचा त्याच्याशी काय संबंध लावला गेला. तोपर्यंत तुमच्या गावात कावळ्यांचा रातथारा कुठे आहे आणि गावातल्या कोंबड्या कुठल्या बाजारात जातात, हे मला जरूर कळवा.